रकाना सातवा

धुळ्यात, पारोळा रोडवरच्या एका खोलीत
आम्ही जिल्ह्याचा चरित्रकोश करतो.
दोन टेबलं, एक कूलर, त्यात पाणी घालायची पाळी माझी.
भंगाळे सरांनी छापून घेतलेली कार्डं:
नाव, जन्म, मृत्यू, गाव, कार्य, आधार.
आणि सातवा रकाना, बोटभर रुंद,
जात / वंश / मूळ.
तिरक्या रेघा कशाला, विचारलं तेव्हा सर म्हणाले,
एक काहीतरी बसेलच की.

पाचशे बारा माणसं बसली.
मग आला सुभान्या दुभाषी.

धरणगावच्या छावणीत होता.
साहेबाचं भिल्लाला, भिल्लाचं साहेबाला,
आणि मधल्या कारकुनाचं दोघांनाही
गरजेपुरतं सांगायचा.
त्याच्या नावाची एक विहीर अजून आहे,
पाणी मचूळ.

हजेरीपटात उंची पाच फूट चार इंच.
खूण: डाव्या भुवईवर वण.
जात: भिल्ल. खोडलेलं.
वर मुसलमान. तेही खोडलेलं, वेगळ्या शाईनं.
मग तिसऱ्या हातानं, घाईघाईत, इतर.

यावलहून रमजान तडवी आले मोटारसायकलवर,
भर उन्हात.
आई आमची, म्हणाले. आईकडून धरत नाहीत का तुमच्यात?
दोंडाईच्याच्या एका गिरास्यांनी वंशावळ आणली,
तिच्यात त्याच्या नावाची शाई
अजून बोटाला लागत होती.
भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधून मिसेस रोझारिओंनी
पत्र्यावरचा फोटो पाठवला, पाकिटावर पेन्सिलीनं: ग्रँडपा सायमन.
बऱ्हाणपूरचं पत्र उर्दूत होतं.
हाफिजजींनी चष्मा पुसून वाचून दाखवलं,
लिहिणारा म्हणतो, त्याची आजी हबशी होती,
आणि तुमच्या कोशाची किंमत किती?

घरी बायको कळण्याची भाकरी थापत होती.
ज्वारी, उडीद, एकदा दळून निघाले की
मनात आलं, आणि तिथंच सोडून दिलं.
माणूस पीठ नाही.
त्याला कुणी दळलं हे विचारावं लागतं.
त्याच्या आईला तेव्हा कुणी काही विचारलं होतं का,
हे माझ्याकडच्या एकाही कागदात नाही.
चाला, जेवाले बठा, ती म्हणाली.

मग अमळनेरच्या एका जुन्या खटल्याचं बाड निघालं.
सुभान्या साक्षीदार. प्रश्न साहेबाचा.
आणि त्या दिवशी दुसरा दुभाषी नसल्यामुळं
सुभान्याच्या उत्तराचं भाषांतरही
सुभान्याचंच.
मोडी प्रतीत लिहिलंय:
जात पुसली. साक्षीदार बोलतो,
आई डोंगराची. बाकी आले ते गेले.
मी राहिलो.
इंग्रजी प्रतीत त्याच जागी:
दुभाषी सांगतो की या उत्तरास
आपल्या भाषेत शब्द नाही.

कूलर कोरडा फिरत होता, किती वेळ कोण जाणे.

सर म्हणाले, छापखाना थांबलाय,
आणि रकाना रिकामा ठेवला तर
कॉम्प्युटर कार्डच घेत नाही.
मी फोटो भिंगाखाली धरला.
वण उजव्या भुवईवर.
पत्र्यावरच्या फोटोत बाजू उलटते, स्टुडिओवाला म्हणाला,
म्हणजे डावीच.
रमजानभाऊंच्या म्हाताऱ्यांनी तोच सांगितलेला,
वंशावळीत तो होता, बऱ्हाणपूरच्या पत्रात
ताजा कलम म्हणून होता.
एवढ्या एका गोष्टीवर कुणाचं भांडण नाही.

सातव्या रकान्यात लिहिलं:
डाव्या भुवईवर वण.

सरांनी लाल पेन्सिलीनं पुढं प्रश्नचिन्ह काढलं,
मोठं. रकान्यात मावलं नाही,
त्याचा टिंब खाली
पाचशे चौदाव्या माणसावर पडला.